शेतातल्या नव्या घरासाठी चित्रं घ्यायची आहेत. आर्ट ॲडव्हायझर ठेवावी का?

बागवाली (वरुडकडची)

नमस्कार मंडळी. आम्ही शेतातच घर बांधलं, दिवाळीच्या आधी वास्तू झाली. संत्र्याच्या आंबिया बहाराचा पैसा यंदा बऱ्यापैकी आला, म्हणून आता भिंतींकडे बघू असं ठरलं. सासूबाईंना हॉलमध्ये धावणारे सात घोडे पाहिजेत, वास्तुवाल्याने दिशासुद्धा सांगून ठेवली आहे. मला माणसाने हाताने काढलेली खरी चित्रं पाहिजेत. नवरा म्हणतो दोन्ही लावा, फक्त माझ्यासमोर भांडू नका.

आमच्या आर्किटेक्टनी मुंबईच्या एक मॅडम सुचवल्या. आर्ट ॲडव्हायझर आहेत. व्हिडिओ कॉलवर बोलणं झालं. बाईंना चित्रातलं कळतं हे दिसत होतं, मला काय आवडतं तेही नीट विचारलं. बजेट तीन लाख सांगितलं, तर म्हणाल्या सहा-सात चित्रं बसतील. त्या गॅलऱ्यांमधून फोटो पाठवणार, निवड आम्ही करायची, खरेदीवर पंधरा टक्के त्यांची फी, येणं-जाणं वेगळं. फ्रेम त्यांच्याच मुंबईच्या माणसाकडून, काच लावून, ट्रान्सपोर्टने इथपर्यंत.

एक वाक्य मला खटकलं. "पाच वर्षांत किंमत दुप्पट होईल." सासऱ्यांना नेमकं तेच आवडलं. आता ते म्हणतात एक झकास चित्र घेऊ अन् तेच आपल्या संत्र्याच्या पेटीवर छापू, म्हणजे खर्च तिकडून वसूल.

मला गोंड चित्रं फार आवडतात. नागपूरला दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्राच्या मेळ्यात पाहिली तेव्हापासून डोक्यात आहेत. बाकी मला यातलं काही कळत नाही. ॲडव्हायझर खरंच लागते का? पंधरा टक्के रास्त आहेत का? आणि आपल्याकडचा मे महिना, कूलर, धूळ, यात ही चित्रं टिकतात तरी का? आमच्याकडे पाहुणा आला की पहिला प्रश्न कितीला घेतलं हाच असतो, त्यामुळे उत्तर तयार ठेवावं लागेल.

मोर्शीकर

तीन लाखांत ठिबक झालं असतं ताई. भिंतीवर कॅलेंडर लावा, तारीख तरी कळते. (मस्करी करून राहिलो, राग मानू नका. बायकोनं मलाही हेच विचारलं आहे, म्हणून उत्तरं वाचायला थांबलो.)

धरमपेठ

मी मुंबईत एका गॅलरीत काम केलं आहे, आता नागपूरला असते. ॲडव्हायझर लोकांना टेबलाच्या पलीकडून पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

पंधरा टक्के हा दर जगावेगळा नाही. दहा ते वीसच्या मध्ये बरेच जण घेतात. पण टक्क्यांच्या पद्धतीत चित्र जितकं महाग तितकी फी जास्त, हे लक्षात ठेवा. तुमच्या बजेटला ठरावीक रकमेत काम करून मागा. एक दिवस घरी येऊन भिंती बघायच्या, तुमची आवड समजून घ्यायची, वीसेक चित्रकारांची नावं द्यायची, पुढे फोनवर दोन-तीनदा सल्ला द्यायचा, याचे इतके पैसे. चांगली बाई असेल तर हो म्हणेल. नाही म्हणाली तरी का नाही ते कळेल.

दुसरं म्हणजे पैसा कोणाकोणाकडून येतो ते सरळ विचारा, लाजू नका. गॅलरी चित्रकाराकडून कमिशन घेते, ते साधारण किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत असतं. त्यातून काही गॅलऱ्या गिऱ्हाईक आणणाऱ्याला वाटा देतात. म्हणजे तुमच्याकडून पंधरा टक्के आणि तिकडून आणखी काही, असं होऊ शकतं. मग ती सल्लागार राहिली नाही, विक्रेती झाली. तुमच्या आर्किटेक्टचा त्यात काही वाटा आहे का, हेही विचारा. असेल तर पाप नाही, पण तुम्हाला माहीत पाहिजे. नेहमीच्या गिऱ्हाइकाला गॅलरी थोडी सूट देते, ती सूट तुमच्या बिलात दिसली पाहिजे. हे सगळं ईमेलवर लिहून घ्या. आणि बिल गॅलरीने किंवा चित्रकाराने थेट तुमच्या नावाने फाडलं पाहिजे, मॅडमच्या नावावरून फिरून आलेलं नको. त्यावर चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव, वर्ष, माध्यम, माप लिहिलेलं हवं. चित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारावरून पाच टक्के झाला आहे, कोणी जुना दर लावत असेल तर टोका.

"पाच वर्षांत दुप्पट" असं जी म्हणते तिला मी तरी दुसरा फोन करणार नाही. चित्रकार वासुदेव गायतोंडे नागपूरला जन्मले, आज त्यांची चित्रं लिलावात कोटींनी जातात. हे ऐकून लोकांना वाटतं आपलंही चित्र तसंच चढेल. अशा एका नावामागे तेव्हाच चित्रं काढणारे कितीतरी जण असतात, ज्यांच्या चित्राला आज मूळ किंमतही येत नाही. शिवाय विकायला गेलं की गॅलरी बहुतेक वेळा परत घेत नाही, आणि घरातलं जुनं फर्निचर विकण्यासारखं ते साधं नसतं. चित्र विकून नफा झाला तर भांडवली नफ्याचा कर लागतो. सासऱ्यांना सांगा, पैसा वाढवायचा तर बाग वाढवा.

मग ॲडव्हायझर कशाला? नको ते थांबवायला. कॅनव्हासवर छापलेलं चित्र, त्यावर ब्रशने पारदर्शक जेल फिरवून खरबडीत केलेलं, "हँड एम्बेलिश्ड" म्हणून आज सर्रास विकतात. फोटोत ते ओळखू येत नाही. समोर असेल तर भिंग लावा, रंगाच्या जागी बारीक ठिपके दिसतात. सर्टिफिकेटवरही फार विसंबू नका. मोठे चित्रकार सय्यद हैदर रझा आपल्या नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले. २००९ मध्ये दिल्लीला स्वतःच्याच चित्रांच्या प्रदर्शनाला गेले, तर भिंतीवरची कितीतरी चित्रं आपली नाहीतच असं त्यांनाच सांगावं लागलं. चित्रकार हयात असताना ही गत. म्हणून तुमच्या बजेटला मी म्हणेन जिवंत, तरुण चित्रकाराचं चित्र थेट त्याच्याकडून घ्या. चित्रासोबत त्याचा एक फोटो काढा आणि मागच्या बाजूला त्याच्या हातचं नाव-तारीख घ्या. नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन, राज्य कला प्रदर्शनाचा विद्यार्थी विभाग, इथे पायपीट केली तर बऱ्याच कमी पैशांत छान काम मिळतं.

फ्रेमवाला, आर्वी

पैशाचं वर धरमपेठच्या ताईंनी सांगितलं. मी भिंतीचं सांगतो.

माझं दुकान तालुक्याच्या ठिकाणी. देवाच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, हार घालायचे फोटो, अन् हो, सात घोडे. घोड्यांवर माझं दुकान चालते, त्यांची निंदा मी करणार नाही. हातचं चित्र कधीमधी येते, पण आलं की मी ते दुकानातल्या पोट्ट्याच्या हाती देत नाही.

ताई, आधी हे सांगा, घराचा गिलावा वाळला का? दिवाळीत वास्तू झाली म्हणता, म्हणजे भिंतीनं पूर्ण पावसाळा अजून पाहिला नाही. नव्या गिलाव्यात पाणी दडून राहते. त्यावर चित्र चिकटून लावलं तं मागून ओल खेचते अन् कागदावर तपकिरी ठिपके पडतात. घाई नसेल तं एक पावसाळा जाऊ द्या. घाई असेल तं फ्रेमच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांत रबराच्या गोट्या चिकटवा, भिंत अन् फ्रेम यांच्यात बोटभर फट राहिली पाहिजे. वारा फिरला म्हणजे ओल जमत नाही.

आता कूलर. आपल्याकडं चित्राचा खरा वैरी ऊन नाही, कूलर आहे. उन्हापासून लोक वाचवतात, पडदा लावतात. पण मे महिन्यात कूलर रात्रभर ओली हवा ओतते, सकाळी बंद झाला की अकरापर्यंत खोली भट्टी. कागद रोज फुगते अन् रोज आखडते. महिनाभरात जलरंगाच्या चित्राला लाटा येतात. मंग लाटेचा उंच भाग काचेला टेकते, तिथं वाफ जमते, रंग काचेला चिकटते. ते सुटत नाही. म्हणून काच अन् कागद यांच्यात जागा पाहिजे. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड बोर्डाची कापलेली चौकट, लावला की ती जागा आपोआप मिळते. माउंट नको असेल तं फ्रेमच्या आत काचेखाली बारीक पट्टी बसवून घ्या. मुंबईचा फ्रेमवाला हे करते की नाही ते फोनवरच विचारा. अन् कूलरच्या खिडकीसमोरची भिंत सोडूनच द्या, तिथं घोडे लावा. ते लॅमिनेशनचे असतात, त्यांना काही होत नाही.

लॅमिनेशनवरून सांगतो. एका गुरुजींच्या मुलीनं शिकताना जलरंगात काढलेलं चित्र, पळसाखाली बसलेल्या बाया. गुरुजींनी कौतुकानं शहरात नेलं, तिथल्या दुकानदारानं विचारलंसुद्धा नाही, एमडीएफवर गरम मशीननं दाबून दिलं. वरून प्लास्टिकची चमक. माझ्याकडं आणलं तेव्हा गुरुजींचं म्हणणं एकच, हे सोडवून द्या. कडेला ब्लेड घालून पाहिली, प्लास्टिकसोबत पळसाचा केशरी रंग सुटून आला. थांबलो. ते चित्र आता कायमचं तसंच. हातचं चित्र कुणी "लॅमिनेट करून देतो" म्हटलं तं उठून या.

माउंटचा बोर्ड आम्लरहित घ्या, महाग पडते पण घ्या. स्वस्त बोर्डाची ओळख अशी की चार-पाच वर्षांत आतली तिरपी कापलेली कड पिवळी-तपकिरी होते, अन् तसाच चट्टा चित्रावर उमटते. मागं हार्डबोर्ड लोक थेट चित्राला टेकवतात, तसं नाही करायचं. मधात आम्लरहित बोर्ड पाहिजे. चित्र माउंटला चिकटवायला सेलोटेप नको, फेविकॉल तं नकोच. पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या वरच्या कडेला, गव्हाच्या पिठाची खळ लावून, बाकी चित्र लोंबतं राहू द्यायचं. बुकबाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात कीड लागू नये म्हणून. चित्राच्या कागदाला मोरचूद नको, डाग पडते.

आता फ्रेमच्या पट्टीचं. सगळे सागाची मागतात. आलापल्लीकडचा साग असेल तं काय सांगू, पण पट्टीत पांढरं लाकूड आलं की वाळवी ते आधी खाते. पक्क्या तपकिरी सागाला ती सहसा तोंड लावत नाही. शेतातलं घर म्हणता, वाळवी भिंतीतून चढतेच. फायबरच्या पट्टीला मुंबईवाले नाक मुरडतील, पण ती वाळवी खात नाही, हे माझ्या गिऱ्हाइकाला मी खरं सांगतो. पाठीला ब्राउन टेप चारी बाजूंनी बंद मारा, म्हणजे कसर आत शिरत नाही. अन् दिवाळीच्या साफसफाईत फ्रेम काढून पाठ बघत जा.

काच लावून ट्रकनं मागवू नका. वरुडपर्यंतचा रस्ता तुम्हाला माहीत आहे. फुटली तं काच चित्र कापते. मागवायचीच असेल तं काचेवर टेपची फुली-फुली मारून पाठवा म्हणावं, तुकडे जागीच राहतात. मोठ्या चित्राला ॲक्रिलिकची शीट बरी, हलकी अन् फुटत नाही. पण कोळशाच्या नाही तं पेस्टलच्या चित्रावर ती लावू नका, शीट घासली की वीज धरते अन् भुकटी ओढून घेते. माझा सल्ला, चित्रं बिनफ्रेमची आणा, फ्रेम इथं कुठंही जवळच्या माणसाकडं करा, समोर उभं राहून. माझ्याकडंच या असं नाही म्हणत.

मोर्शीकर

काका, आमच्या घरी आजोबांच्या वेळचं लक्ष्मीचं छापील चित्र आहे, खाली रविवर्मा प्रेस लिहिलं आहे. काच काळी पडली. उघडू का?

फ्रेमवाला, आर्वी

घरी उघडू नका. जुना छापा काचेला चिकटलेला असू शकते. बाजूनं उजेड टाकून बघा, चित्र अन् काच यांच्यात काळी रेघ दिसते का. दिसत असेल तं मधात फट आहे, घेऊन या. नसेल दिसत तं चिकटलेलं समजा, काच फक्त बाहेरून पुसा, फडका ओला नको अन् कोलिन तं फ्रेमवर फवारूच नका, ते कडेनं आत उतरते.

बागवाली (वरुडकडची)

बाप रे, एवढं? सगळं वहीत उतरवून घेतलं. मॅडमना फोन केला होता. ठरावीक रकमेत एक दिवस यायला तयार झाल्या, आणि गॅलरीकडून काही मिळतं का विचारलं तर जरा थांबून "काही ठिकाणी मिळतं" म्हणाल्या. ते बिलातून कमी करून देतो म्हणाल्या. मला बरं वाटलं.

आता दोन गोष्टी. गोंड चित्रं थेट कुठून घ्यावीत? आणि सासरे पेटीचं सोडत नाहीत. त्यांचं म्हणणं, पैसे दिले म्हणजे चित्र आपलं, कुठेही छापू.

धरमपेठ

थांबल्या आणि खरं बोलल्या, म्हणजे ठेवायला हरकत नाही.

सासऱ्यांना सांगा, कागद आणि रंग त्यांचे, छापायचा हक्क चित्रकाराचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं त्याच्याकडे किंवा वारसांकडे राहतो, लेखी करार करून दिला तरच तुमच्याकडे येतो. पेटीवर छापलं तर नोटीस येऊ शकते. पेटीसाठी वेगळं चित्रच काढून घ्या, वापराचे हक्क लिहून घ्या, दोन्ही बाजूंना सोपं. त्याच कायद्यात असंही आहे की मूळ चित्र पुढे दहा हजारांच्या वर विकलं गेलं तर चित्रकाराला त्यात हिस्सा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. प्रत्यक्षात फार कोणी मागत नाही, पण आहे.

गोंड चित्रांसाठी ॲडव्हायझर लागत नाही, गाडी लागते. नागपूर, शिवनी, मंडला करत दिंडोरी जिल्ह्यात पाटनगढ गाठा. गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम याच गावचे. भोपाळचं भारत भवन १९८२ मध्ये सुरू झालं, त्या सुमारास चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी त्यांना भोपाळला आणलं आणि घराच्या भिंतीवरची ती परधानांची (गोंडांमधला गाणी-कथा सांगणारा समाज) चित्रं कागद-कॅनव्हासवर आली. भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये आणि दुर्गाबाई व्याम यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, तीही याच परंपरेतली माणसं. गावात घरोघर काढतात. बघताना आकारापेक्षा आतला भराव बघा. ठिपके, तुकडे रेषा, माशाच्या खवल्यांसारख्या कमानी, प्रत्येकाचा भराव वेगळा असतो आणि चांगला चित्रकार तो स्वतःचा कमावतो. एकाच घरात दहा चित्रांत दहा तऱ्हांचा भराव दिसला तर हात कोणाकोणाचे आहेत ते विचारा. घरातली माणसं भरायला मदत करतात, त्यात गैर काही नाही, फक्त किंमत मुख्य चित्रकाराची आणि काम पुतण्याचं असं नको. घासाघीस बेताची करा. मेळ्यात जे चित्र तुम्ही पाचशेने पाडता त्यावर काढणाऱ्या बाईचे चार दिवस गेलेले असतात.

मॅडमचा दिवस कशाला वापरायचा ते सांगते. गोंड तुम्ही स्वतः घ्या, त्यांच्याकडून फक्त हॉलच्या मोठ्या भिंतीसाठी एक चित्रकार शोधून घ्या.

बागवाली (वरुडकडची)

होळीनंतर पाटनगढला जायचं ठरलं. मोठा कॅनव्हास घेतला तर गाडीत कसा आणू? चार फुटांचा घेते म्हणून नवरा आतापासूनच ओरडतो आहे. आणि काच लावू का त्याला?

फ्रेमवाला, आर्वी

कॅनव्हासला काच नको, त्याला हवा लागते. फक्त धुळीसाठी मऊ, कोरड्या ब्रशनं वरून खाली झाडायचं, फडका नाही.

आणताना गुंडाळा, पण रंगाची बाजू बाहेर ठेवून. सगळे उलटं करतात, रंग आत घेतात, मंग उलगडताना तडे पडतात. गुंडाळी जाड पाहिजे, बारीक केली की रंग मोडते. शेतात सहा इंची पीव्हीसीचा तुकडा पडला असेल, कॅनव्हासच्या रुंदीपेक्षा वीतभर लांब कापून धुऊन वाळवा, त्यावर पांढरा कोरा कागद, त्यावर कॅनव्हास, वरून परत कागद. वर्तमानपत्र नको, शाई लागते. दोरी आवळू नका, कापडी पट्टीनं बांधा. गाडी उन्हात उभी करून जेवायला गेलात तं पाइप सोबत न्या. घरी आल्यावर लगेच उलगडू नका, रात्रभर खोलीत पडू द्या.

चौकटीवर ताणायला इथं आणा. चारी कोपऱ्यांत पाचर ठोकायची जागा असलेली चौकट करून देतो, पावसाळ्यात कॅनव्हास ढिला पडला की घरीच पाचर हळूच ठोकता येते. माप मात्र आत्ताच पाठवा, भिंतीचं अन् कूलर कोणत्या खिडकीत आहे ते. पश्चिमेची भिंत असेल तं आधीच सांगून ठेवतो, तिथं नको.